फवाऱ्याची तारीख

माहं नाव पंचफुला. माहेर सावरगावचं, मध्यप्रदेशात, म्हणजे पांढुर्ण्याच्या समोर, मधात जाम नदी. सावरगाव म्हटलं का लोक पहिले नदीपल्याड गोटे मारायच्या त्या गोटमारीचंच इचारतात, पण ते मी नाई सांगत, तुमी लिवून घेता तं मले तुमाले कापसाचं सांगायचं आहे ताई, कारण माहा जलम कापसातच गेला. बाप पांढुर्ण्याच्या एका जिनावर, कापसातली सरकी काढतात तिथं, हमाल होता, माय तिथंच कापसातला कचरा निवडे, अन् आमी भावंडं त्या ढिगाच्या बाजूलेच मोठे झालो. केसात कापूस, नाकात कापूस, भाकरीच्या पदरात कापूस. चौथीपर्यंत शाळेत गेली मी, लिवता-वाचता येऊन गेलं, मंग माय म्हणे पोरगी हाताखाली आली तं माहा हात हलका होईन. तं मी निवडाले लागली. दहा सालाची असन, नाई तं अकरा, तारीख कोणाले मालूम होती तवा.

एक दिवस गलका झाला, जांचवाला साहेब आला, साहेब आला. मुकादम पळतच आला अन् आमा लहान पोरीइले म्हणे, चला वो, मागं चला, आवाज नाई पायजे. मले अन् अजून दोघीइले बोऱ्याच्या मागं बसवलं. मोठ्या बायाइले नाकाले बांधायले फडकी देली, कोरी, घडीसुद्धा मोडली नव्हती. साहेब आला, हिंडला, काई-बाई इचारलं, अन् मले शिंक आली ताई. दोन्ही हातानं नाक दाबलं, तरी आली. साहेबानं वाकून पायलं. माह्या डोळ्यात पायलं त्यानं, मी त्याच्या डोळ्यात पायलं, एवढंसं अंतर. अन् मंग त्यानं मान सरळ केली अन् मुकादमाले म्हणे, इथं तं लय गरम होते बुवा. बस. गेले दोघं चहा प्याले. फडकी संध्याकाळी परत घेतली सगळ्या बायाइच्या नाकावरून, कोणाच्या घरी जाऊ नाई देली. तवापासून जांच म्हटलं का माह्या मनात एकच येते, हे आपल्यासाठी नाई आलं, हे आपल्याले पाहून मान फिरवायले आलं.

मंग माहं लगन झालं, इकडं, मोहगावच्या रस्त्यावरचं गाव आहे, नाव नका लिवू. आमी बौद्ध, आमची पंधरा-वीस घरं, बाकी गाव कुणब्याइचं. नवरा गवंडीकाम करे, आता दम लागते तं घरीच राहते, कोंबड्या पाहते. मी आल्यापासून वावरातच. निंदण, डवऱ्यामागं, वेचणी, संत्र्याच्या टायमाले संत्रा. हळूहळू माह्या मागं बाया झाल्या, आमी नऊ जणी. मले चौथीचं लिवता येते म्हणून हाजरीची वही माह्यापाशी, कोणत्या दिवशी कोणाच्या वावरात कोण कोण आली, ते मी लिवतो. माहं अक्षर काई शोभेचं नाई, पण तारीख कधी चुकवली नाई मी. एकीनं म्हटलं का मी बुधवारी आली होती अन् मालक म्हणे नाई आली, तं वही काढली का झगडा मिटते.

जास्त काम आमचं मधुकरभाऊकडं. माणूस वाईट नाई, हे पहिले सांगून देतो, कारण पुढचं आयकून तुमाले वाटन का लय दुष्ट असन. दुष्ट नाई. बायाइले शिवी नाई देत, टायमावर सोडते. त्याइची बायको निर्मलावहिनी, मॅट्रिक शिकलेली, सौंसरची पोरगी, कमी बोलणारी. आमी तिच्या अंगणात ओंजळीनं पाणी घ्यावं, तिनं वरून ओतावं, वीस साल असंच चाललं. ती कधी काई बोलली नाई, मी कधी काई बोलली नाई.

मंग ते कापसाचं आलं. गावात एक सर आले मोटरसायकलवर, गळ्यात पट्टा, म्हणे आता आपला कापूस असा-तसा नाई इकायचा, परदेशातले लोक इचारतात म्हणे का हा कापूस कोणी वेचला, कसा वेचला, त्या बाईले सावली होती का, पाणी होतं का, तिथं लेकरू तं नाई राबलं, जमिनीत जहर तं नाई गेलं. अन् हे सगळं बरोबर असलं तरच ते घेतात, भावही बरा देतात. ग्रामपंचायतीत बैठक झाली, कास्तकाराइचा गट केला, मधुकरभाऊही त्यात, अन् आमाले पहिल्यांदाच सतरंजीवर बसवलं. सर म्हणे, बाया अन् माणसं, दोघाइले बरोबरीची मजुरी पायजे. सगळ्या बाया हासल्या. माणसंही हासले. सरही जरासे हासले, मंग गंभीर झाले.

मी नाई हासली. मी पाहून राहिली होती का हे आपल्यापासून काय घेऊन जाणार. आधारची झेरॉक्स घेतली, सही घेतली, अंगठे घेतले, फोटो काढले. फोटोत आमच्या हातात रोपटी देली, सीताफळाची, मी म्हटलं चला, वावराच्या धुऱ्यावर, बांधावर लावू, तं फोटो झाल्यावर सरानं रोपटी गोळा केली, दुसऱ्या गावातही फोटो काढायचे होते म्हणे. काय सांगू तुमाले! मी घरी येऊन नवऱ्याले म्हटलं, पाय, पयलाच दिवस आहे अन् झाड परत गेलं.

पण काई गोष्टी खऱ्याही होत्या, खोटं कायले बोलू. वावरात पाण्याचा ड्रम आला, नळ लावलेला. औषधाच्या रिकाम्या कॅना आमी घरी आणत होतो, कोणी पाणी भरे, कोणी तेल भरे, त्या बंद केल्या, सरानं सगळ्याइसमोर एकेक कॅन खिळ्यानं भोसकली. बायाइच्या डोक्याले बांधायले कापडी टोप्या आल्या. मी इचारलं, सर, हे उन्हासाठी का? तं म्हणे नाई, कापसात केस नाई गेले पायजे. घ्या. आमचा केस कापसात गेला तं त्याइले सात समुंदरापल्याड दिसते, अन् कापसावरचं औषध आमच्या अंगात जाते ते धुऱ्यावरून दिसत नाई. पण त्याचाही नियम होता, तो मी सांगतो आता, कारण सगळं रामायण त्याच नियमाचं आहे.

नियम असा का फवारा मारल्यावर डब्यावर जेवढे दिवस लिवले तेवढे दिवस त्या वावरात कोणी बाई पाय नाई टाकणार. अन् फवाऱ्याची तारीख मालकानं एका वहीत लिवून ठेवायची, ती वही सरानं देली होती, हिरव्या पुठ्ठ्याची. मधुकरभाऊचं अक्षर कोंबडीच्या पायावाणी, तं वहिनी लिवे. अन् वेचणी कोणत्या दिवशी झाली ते माह्या वहीत. हे दोन्ही ध्यानात ठेवा.

दिवाळी होऊन गेली होती, दुसरी वेचणी, पऱ्हाटी पांढरीफक फुटलेली, अन् आभाळ आलं. पावसानं कापूस भिजला का पिवळा पडते, मंग त्याले कोणी इचारत नाई. मधुकरभाऊ सकाळीच दारात, म्हणे, पंचफुलाबाई, आज सगळ्या बाया पायजे, उद्याचा भरवसा नाई. आमी गेलो. धुऱ्यावर पाय टाकल्याबरोबर मले वास आला. तो वास सांगता नाई येत, गोडसरही असते अन् नरड्याले खरवडतेही. मी म्हटलं, भाऊ, फवारा मारला का? ते म्हणे, नाई, तिकडच्या तुकड्यात मारला होता, लय दिवस झाले. मी म्हटलं, वास येऊन राहिला. ते म्हणे, वारा तिकडचा आहे. मी पायलं, वारा नव्हता, ताई. आभाळ गच्च, पान हालत नव्हतं. पण मी आभाळाकडं पायलं, बायाइकडं पायलं, दिवसाची मजुरी पायजे होती सगळ्याइले, अन् मी म्हटलं, चला वो, लागा. मीच म्हटलं. हे मी कोणाले लय दिवस नाई सांगतलं का मले वास आला होता.

आमच्यात कांता म्हणून एक आहे, माह्या शेजारची, माह्या धाकट्या बहिणीच्या वयाची, मले काकू म्हणते. तिचा हात लय जलद, सगळ्याइच्या पुढं असते, म्हणून तिनंच सगळ्यात जास्त पऱ्हाटी अंगावर घेतली त्या दिवशी. दुपारची भाकर खाऊन उठलो अन् ती म्हणे काकू, डोळ्यापुढं पाणी-पाणी होऊन राहिलं. मी म्हटलं बस जराशी. बसली ते कलंडलीच. तोंडातून लाळ, डोळ्यातून धार, ओकाऱ्या सुरू. आमी चौघीनं तिले उचलून मधुकरभाऊच्या अंगणात नेलं, अन् निर्मलावहिनी बाहेर आली. तिनं एक सेकंदही नाई इचारलं का काय झालं. बायाइले म्हणे लुगडं सोडा हिचं, पहिले लुगडं सोडा. अंगणातच आडोसा करून तिनं सोताच्या हातानं कांताले साबणानं घासून आंघोळ घातली, सोताचं लुगडं नेसवलं, अन् नवऱ्याले म्हणे गाडी काढा. बस एवढंच. पण ते गाडी काढा असं म्हटलं तिनं, का मधुकरभाऊ काई न बोलता किल्ली घ्याले आत गेले.

सौंसरच्या दवाखान्यात डॉक्टरनं डोळ्यातल्या बाहुल्या पायल्या अन् लगेच इचारलं, फवाऱ्यातून आली का ही? मधुकरभाऊ म्हणे, नाई साहेब, ऊन लागलं असन. आभाळ आलेलं, थंडीचे दिवस. डॉक्टरनं माह्याकडं पायलं. मी जमिनीकडं पायलं. त्यानं अजून नाई इचारलं, इलाज बरोबर केला, तीन दिवसांनी कांता घरी आली. मधुकरभाऊनं सगळा खर्च केला, डबाही पोचवला, हेही लिवा.

अन् पंधरा दिवसांनी जांच. दुसऱ्या गावात जाणार होती म्हणे, चिठ्ठी आमची निघाली. सर दोन दिवस आधी आले, आमाले बसवून शिकवलं, जांचवाली मॅडम असं इचारन तं असं सांगा, तसं इचारन तं तसं. गोठ्याच्या भिंतीवर रंगानं लिवलं, इथं बालमजूर नाईत. भिंतीले रंग लागला तवाच मी समजली का हे तेच आहे, कोऱ्या फडक्यावालं. आदल्या दिवशी मधुकरभाऊ माह्या फाटकापाशी आले. आत नाई आले, आमच्या आत ते येत नाईत. फाटकाले हात लावून उभे राहिले, म्हणे, पंचफुलाबाई, तुमी समजदार आहात. मी म्हटलं, हाव भाऊ. गेले. धमकी नाई, काई नाई. पण रात्रभर तो एकच शबद माह्या कानात, समजदार.

मॅडम आली, हिंदी बोलणारी, बाहेरची, साध्या चपलेत. सराले अन् मधुकरभाऊले म्हणे तुमी दूर जा, अन् मले एकटीले लिंबाखाली घेऊन बसली. म्हणे, नाव नाई लिवणार तुमचं. पण मी पायलं ना, तिच्या मांडीवर यादी होती, अन् यादीत सगळ्यात वरतं माहंच नाव. म्हणे, कोणी बीमार पडलं का वेचणीत? मी म्हटलं, नाई. फवारल्यावर कधी लगेच काम केलं का? नाई. मालक कसे आहेत? चांगले. ती माह्या तोंडाकडं पाहून राहिली, अन् ताई, मले सांगावंसं वाटलं, खरं सांगतो, जिभेवर आलं होतं. पण मी म्हटलं ही आज आहे, उद्या नाई, अन् मले इथंच राहायचं आहे. कोणाची बाई आहे ही, मले काय मालूम. कापूस घेणाऱ्याइची असन, तं तिले कापूस पायजे, मी नाई पायजे. जातानी तिनं एक कारड देलं, फोन नंबरचं, काई आठवलं तं करा म्हणे. ते मी चुलीत घातलं. हाजरीची वही मागतली तिनं, तं मी देली, त्यात काय होतं, नावं अन् तारखा. मोबाईलवर फोटो काढले तिनं पानाचे अन् परत देली.

कांताले इचारलंच नाई तिनं, कांता अजून घरीच पडून होती.

महिना-सव्वा महिना गेला अन् सर आले, तोंड उतरलेलं. मधुकरभाऊचं नाव एका सालासाठी गटातून काढलं. फवारल्याच्या दुसऱ्याच दिवशी बाया वावरात घातल्या, हे त्याइले समजलं म्हणे. कसं समजलं ते नाई सांगतलं. मधुकरभाऊचा कापूस मंग पांढुर्ण्याच्या बाजारात सगळ्याइच्यासारखा साध्या भावात गेला. ते मधुकरभाऊचं झालं, पण आमचं काय झालं तं सांगतो. गटातले बाकीचे कास्तकार म्हणे, आज त्याचं नाव गेलं, उद्या आपलं जाईन, त्या पंचफुलाच्या बायाइले बोलवूच नका, त्याइच्यात कोणीतरी तोंड सोडणारी आहे. कोणी नाई बोलावलं. समोरून येणारा माणूस मले पाहून रस्ता बदले. आमी मंग पिकअपमध्ये कोंबून महाराष्ट्राच्या बाजूले संत्रा तोडाले जाऊ, अंधारात निघावं, अंधारात यावं. अन् गाडीत कोणी कोणाशी बोलत नव्हतं. नऊ जणी अन् नऊ जणीच्या मनात एकच, कोणी सांगतलं?

मी नाई सांगतलं हे मले मालूम. मंग कोणी? दवाखान्यात कोण होतं? कांता. नर्सबाईनं इचारलं असन, हिनं बोलून टाकलं असन. माह्या मनात ते बसलं ते बसलंच. एक दिवस नळावर सगळ्याइसमोर मी बोलून गेली, म्हटलं, काहून वो कांता, तुहा जीव वाचवला आमी, अन् तुनं आमच्या पोटावर पाय देला? कांतानं पाण्याचा गुंड नळाखालीच राहू देला. म्हणे, काकू, मी तं डोळेही उघडत नव्हती, मी कोणाले काय सांगतो. मॅडमपाशी तं तुमी बसल्या होत्या लिंबाखाली, एकट्या. अन् मंग हळूच, मलेच आयकू येईन एवढं म्हणे, काकू, तुमाले त्या दिवशी वास आला होता ना?

मी बकेट उचलली अन् घरी आली, अर्धी सांडत. चौदा एप्रिलले विहारात सगळ्या बाया पांढरं लुगडं नेसून बसल्या, मी एका कोपऱ्यात, कांता दुसऱ्या कोपऱ्यात. वंदनेत खोटं बोलू नये असं म्हणतात ना, ती ओळ मी सोडून देली.

मंग मे महिना. दुपारची उन्हं, कुत्रं बाहेर नाई, अन् निर्मलावहिनी माह्या दारात. डोक्यावर पदर, हातात पिशवी. म्हणे, कुरड्या करायच्या आहेत, हातभार पायजे. मी म्हटलं, वहिनी, कुरड्यासाठी तुमी पायी आल्या? निरोप धाडला असता. ती फाटक लोटून आत आली. वीस सालात पहिल्यांदा. खाटेवर बसली अन् म्हणे, पाणी द्या. मी गडवा घासून देला, ती घटाघटा प्याली, अन् मी उभीच, कारण मले भेव वाटलं. कोणी एवढं करते तं काई तरी काढायले करते, माह्या मनाले तीच सवय.

म्हणे, पंचफुलाबाई, बसा. तुमी नाई सांगतलं, मले मालूम आहे. कांतानंही नाई सांगतलं. मी लिवलं.

मले समजेना. म्हणे, त्या हिरव्या वहीत मी लिवलं. हे म्हणत होते का तारीख मागची टाक, आठ दिवस मागची, कोण पाहते. मी हाव म्हटलं, अन् खरी टाकली. त्याइनं वाचलं नाई, सरानंही वाचलं नाई, नुसती सही घेतली. मॅडमनं माही वही पायली अन् तुमची हाजरी पायली. माह्यात फवाऱ्याची तारीख, तुमच्यात वेचणीची. एकाच्या मागून दुसरा दिवस.

आता तुमी सांगा, माह्या डोक्यात काय आलं असन? पयले हे आलं, का ही मले कायले सांगून राहिली? आता हे माह्यावर ढकलाचं असन, तुमचीही वही होती असं म्हणून. मी तसंच इचारलं, म्हटलं, वहिनी, हे सांगून तुमाले काय पायजे माह्यापासून? तिनं गडवा खाली ठेवला. मंग म्हणे, त्या दिवशी कांताचं लुगडं मी धुतलं, तं दोन दिवस माहे हात जळजळत होते. भाकर थापता येईना. नुसतं लुगडं धुऊन. अन् तुमी दिवसभर त्यात उभ्या होत्या. ह्याइले म्हटलं तं म्हणे, साबण बदल. मंग मी लिवलं. पण आता घरात रोज जेवतानी हे तुमाले शिव्या देतात, अन् मी वाढत राहतो. कोणाले तरी सांगायचं होतं मले. ह्याइले नका सांगू.

तिचे हात पायले मी, पालथे करून पायले. तेव्हा काई दिसत नव्हतं, महिने झाले होते. पण तिनं हात मागं नाई ओढले. तुमी हे छापसान तं नावं बदला ताई, गावाचं तं टाकूच नका. तिचं लेकरूबाळ आहे, संसार आहे.

त्या दिवशी संध्याकाळी मी कांताच्या घरी गेली. ती लसूण सोलत होती. मी म्हटलं, कांता, वास आला होता मले. तरी मी चला म्हटलं. अन् नळावर बोलली तेही खोटं बोलली. मी वहिनीचं नाव नाई घेतलं, म्हटलं वह्याइतून निघालं, तारखाइतून. ती सोलतच राहिली. मले वाटलं आता शिवी देईन, रडन. ती म्हणे, मलेही आला होता काकू वास. पोट्टीची फी भरायची होती. अन् अर्धा लसूण माह्याकडं सरकवला. मी सोलाले बसली.

मिरग लागला, पेरण्या झाल्या, तण आलं. मधुकरभाऊनं दुसऱ्या गावच्या बाया आणल्या निंदाले, त्याइनं तणासंग पऱ्हाटीही उपटली. मंग एक दिवस ते फाटकापाशी येऊन उभे. म्हणे, पंचफुलाबाई, एक इचारतो, खरं सांगा, मी काई करणार नाई. मॅडमले कोणी सांगतलं?

माह्या डोळ्यापुढं निर्मलावहिनी आली, ताटात वाढत असलेली. मी म्हटलं, भाऊ, मीच सांगतलं.

पुरं खोटं नव्हतं ते. अर्धी तारीख तं माहीच होती. पण लिंबाखाली जे बोलायले पायजे होतं, ते मी सात महिन्यांनी फाटकापाशी बोलली, असं मले वाटलं.

ते लालेलाल झाले. म्हणे, मंग माह्या तोंडावर काहून नाई सांगतलं त्या दिवशी? मी म्हटलं, सांगतलं होतं भाऊ. धुऱ्यावर उभी राहून इचारलं होतं, फवारा मारला का. तुमी वारा म्हटलं.

ते फाटकाची कडी खालवर करत राहिले. मंग खाली पाहूनच म्हणे, हाव. म्हटलं होतं. अन् म्हणे, सोमवारी येता का निंदाले? मी म्हटलं, नऊच्या नऊ येऊ, कांतासुद्धा. ते म्हणे, कांतासुद्धा. अन् गेले.

आता दोन सालं झाली त्याले. त्याइचं नाव परत गटात आलं. धुऱ्यावर आता लाल फडकं बांधतात फवारल्यावर, नियमच आहे. पण फडकं वाऱ्यानं उडते, फडकं कोणी काढूनही घेते, म्हणून मी फडक्यावर इस्वास नाई ठेवत. सरावर नाई ठेवत, आता दुसरे सर आहेत. मॅडमवर ठेवावा असं कधी कधी वाटते, तिनं खरंच वाचलं होतं, मान नाई फिरवली, पण ती पुन्हा आलीच नाई, तिच्या जागी दुसरे आले, त्याइले ऊन लागत होतं तं ते गाडीतच बसले. मले आता मजूर बायाइची प्रतिनिधी केलं, कागदावर. बैठकीत बोलावतात, बिस्कुट देतात. मी जातो, बोलतोही. बोललेलं सगळं लिवतात का नाई, भगवंताले मालूम. कांताचे डोळे अजून संध्याकाळी चुरचुरतात, ते कोणत्या कागदात नाई.

निर्मलावहिनी अन् मी, आमी त्या दुपारचं परत कधी बोललो नाई. बोलायचं काई राहिलंही नाई. फक्त वेचणीच्या दिवसात सकाळी आमी अंगणात गेलो का ती पाण्याचा गडवा माह्या हातात देते, वरून नाई ओतत आता, हातात देते. अन् ओट्यावर ती हिरवी वही उघडी करून ठेवते, जशी काई सहजच राहून गेली, अन् सैपाकघरात निघून जाते. मी पाणी पितो, तारीख वाचतो, बोटावर दिवस मोजतो. तिचं अक्षर लय सुंदर आहे, तिच्या हाताले बरकत येवो. दिवस भरले असले तं मी बायाइले म्हणतो, बांधा वो कमरेले कापसाच्या ओट्या. अन् नाई भरले तं मी वही बंद करतो अन् म्हणतो, चला, घरी चला.